नावांखालचा गंज

१४ जून, नांदेड

पेटीला रंगाचा शेवटचा हात द्यायचा होता, म्हणून त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. आमचं रंगाचं दुकान आहे आणि नवरा गेल्यापासून ते मीच चालवते. आमच्या धंद्यात रंगाच्या एका थराला एक हात म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. पुढं हा शब्द बऱ्याचदा येईल, म्हणून आताच सांगून ठेवते.

पेटी माझ्या भावाची, दत्ताची. भूकंपात त्याचं दगडी घर पडलं तेव्हा ढिगाऱ्यातून ती चेपून निघाली होती. नंतर पंधरा वर्षं ती गोठ्यात सरकीची पेंड सांभाळत होती. आता दत्ताची मुलगी राजश्री अकरावीला लातूरला निघाली होती. भूकंपाच्या वेळी ती पाळण्यात होती. आता तिला डॉक्टर व्हायचं होतं. दत्ता नवी पेटी घेणार होता. मी म्हटलं, जुन्या पेटीचा पत्रा जाड आहे, माझ्याकडे पाठव.

पेटीला काय काय केलं ते सांगते. आधी तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, खाली चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. मग पॉलिश पेपर. मग रॉकेलचं फडकं, तेलकटपणा जाण्यासाठी. ते वाळल्यावर रेड ऑक्साईड, म्हणजे तो विटकरी रंगाचा अस्तराचा हात. अस्तर लोखंडाला घट्ट धरून बसतं आणि वरच्या रंगाला धरून ठेवतं. त्यावर निळा ऑइलपेंट, दोन हात. यात अवघड काहीच नाही. लोखंडाला हवा आणि पाणी लागू द्यायचं नाही, एवढाच सगळा उद्योग. पण दुकानात येणारी दहातली नऊ गिऱ्हाइकं म्हणतात, “अस्तर-बिस्तर नको बाई, वरून मारायचा द्या. उद्या पाहुणे यायलेत.” गंजावर तसाच रंग मारणं म्हणजे पिकलेल्या गळवावर पावडर लावणं. वरून गोरं दिसतं, आत पू वाढतो. हे सांगून सांगून माझा घसा बसला आहे.

दुसऱ्या दिवशी पेटी एसटीच्या टपावर चढवली आणि मी निघाले.

शिरूर ताजबंद

इथं काही पाहायला उतरले नव्हते. उतरावं लागलं.

दत्ताचं गाव शिरूर अनंतपाळच्या पुढं आहे. मला चाकूरला गाडी बदलायची होती. नांदेडच्या स्टँडवर पेटी टपावर टाकताना गाडीबरोबर जाणाऱ्या हमालानं विचारलं, “कुठं जायाचं बाई?” मी म्हटलं, “शिरूर.” चूक माझी. नांदेडहून लातूरच्या रस्त्यावर आधी दुसरंच शिरूर लागतं, शिरूर ताजबंद. तिथं गाडी थांबली. मी खिडकीत सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले चुरमुरे, खात होते, तर माझी निळी पेटी शिडीवरून घसरत खाली येताना दिसली.

“अहो, ती माझी पेटी!”

“तुमचीच हाय की,” टपावरचा तोच हमाल म्हणाला. “शिरूर म्हणलाव न्हवं?”

“शिरूर अनंतपाळ!”

“मंग तसं म्हणावं. आमच्यासाठी शिरूर एकच. बाकी समदं आडनाव.”

सगळी गाडी हसली. पेटी पुन्हा वर चढवताना शिडीच्या गजाला घासली आणि झाकणाच्या कडेला वीतभर ओरखडा पडला. तिन्ही हात फाडून थेट पांढऱ्या लोखंडापर्यंत. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तो म्हणाला, “एवढ्या ओरखड्यानं काय होतंय बाई?” तोच ओरखडा मला पुढं उपयोगी पडला.

दत्ताचं नवं गाव

भूकंपानंतर वसलेली गावं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना सांगते: आगपेट्या ओळीनं मांडाव्यात तशी घरं, रस्ते सरळ, आणि कुणाच्याही अंगणात सावली नाही. घरं पक्की आहेत. पण त्या पक्क्या घरात झोपतं कोण? प्रत्येकानं दारापुढं पत्र्याची शेड उभी केली आहे आणि सगळं बिऱ्हाड त्या शेडमध्ये. स्लॅबच्या खोलीत ज्वारीची पोती, सायकल आणि पाहुण्यांचे फोटो.

वहिनीनं येसरची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि गरम भाकरी वाढली. जून महिना, डोक्यावर तापलेला पत्रा, समोर जाळ काढणारी आमटी. घामानं डोळे चुरचुरायला लागले.

“आत बसू या की,” मी म्हटलं. “स्लॅब गार असेल.”

दत्तानं वरच्या पत्र्यावर थाप मारली. “आक्का, हे बघ. भूकंपानंतर सरकारनं शेडसाठी दिलेले पत्रे. तवापासून रंगाचा एक हात न्हाई. ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला. गंज हाय का कुठं? दगडानं मारलं आपल्याला. लोखंडानं न्हाई. लोखंड दगा देत न्हाई.”

“हे लोखंड नाही दत्ता. त्याच्यावर जस्त चढवलंय.”

“तेच की. लोखंडच.”

“तेच नाही! जस्त आधी स्वतःला खाऊ देतं, म्हणून आतलं लोखंड वाचतं. तुझे पत्रे जस्तामुळं टिकलेत. आता त्या अँगलकडं बघ.” शेडचा खांब साधा काळ्या लोखंडाचा होता, आणि जमिनीपाशी तांबूस पापुद्रे सुटले होते.

दत्तानं बघितलं आणि पायानं माती सारून तो भाग झाकून टाकला. “तू जेव.”

तेव्हा मी हसले. पण हीच समजूत त्या भागातल्या माणसामाणसात भिनली आहे. जस्ताच्या पत्र्यानं पंधरा वर्षं डोक्यावर उभं राहून दाखवलं, म्हणून सगळ्याच लोखंडाला अमरपट्टा. दगडावरचा सगळा विश्वास लोकांनी उचलला आणि जसाच्या तसा लोखंडावर ठेवला. दुसऱ्या दिवशी लातूरला तोच विश्वास दोन मजले उंच उभा असलेला पाहिला, आणि मग हसायला आलं नाही.

लातूर

दत्ता आणि राजश्रीबरोबर मी लातूरला दहा वर्षांनी गेले. स्टँडबाहेर पडलं की पूर्वी अडतीची बैलगाडी आडवी यायची. आता पाठीवर दप्तर घेतलेल्या पोरी आडव्या येतात, चालता चालता ओठ हलवून पाठ करणाऱ्या. प्रत्येक खांबावर गुणवंतांचे फोटो. आमच्याकडे नांदेडला लग्नाच्या फलकावर सुद्धा एवढे चेहरे नसतात. खाणावळ, झेरॉक्स, वसतिगृह, क्लास आणि पुन्हा खाणावळ. अख्खं गाव पोरांच्या मार्कांवर भाकरी भाजतं आहे. भाजू दे. पण मग पोरं नीट सांभाळावीत.

राजश्रीसाठी दत्तानं ठरवलेलं वसतिगृह एका अण्णांचं होतं. अण्णा आमच्याच भागातले. त्यांचे आईवडील भूकंपात दगडी घराखाली गेले, हे दत्तानं मला रस्त्यात सांगितलं होतं. खाली अण्णांचं घर, वर वसतिगृह, आणि बाजूच्या बोळात बाहेरून एक लोखंडी जिना. वरचे दोन्ही मजले अँगल आणि पत्र्यांचे, आणि वर जायला तेवढा एकच मार्ग. राजश्रीची कॉट सगळ्यात वर.

जिना पोपटी रंगाचा, तुकतुकीत. प्रत्येक पायरीच्या उभ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत एकेका मुलीचं नाव आणि तिला मिळालेलं कॉलेज. ज्या ज्या मुली इथं राहून डॉक्टर झाल्या त्या सगळ्या. नवी मुलगी आली की जिन्याच्या पायथ्याशी डाव्या खांबावर नारळ फोडायचा, पहिल्या पायरीवरच्या नावाला हात लावायचा, मग वर जायचं. राजश्रीनं नारळ फोडला. पाणी खांबाच्या बुडाशी गेलं. तिथं आधीच कुंकू, साखर आणि जुन्या नारळांचा चिखल साचला होता. वर टाकीचा भरून वाहणारा पाइप, त्याचं ठिबकणंही नेमकं तिथंच.

मी पेटीचं कुलूप काढलं आणि कठड्यावर वाजवलं. टण्ण. मग खाली वाकून डाव्या खांबाच्या बुडाशी वाजवलं. थप्प. सडलेल्या टरबुजावर टिचकी मारल्यासारखं.

मग मी किल्ली टेकवून दाबली. रंग फुटला आणि अख्खी किल्ली आत गेली.

“अहो बाई!” अण्णा ओरडले. “नारळाची जागा हाय ती! तिथं किल्ली खुपसायलाव?”

“खांब आहे का तिथं? मला तर नुसता रंगच लागला.”

“दरवर्सी जूनमध्ये रंग देतो मी. एक साल चुकलं न्हाई.”

“खरवडून?”

अण्णांनी बोळापलीकडं बोट केलं. समोरच सत्तारभाईंचं वेल्डिंगचं दुकान. जिना त्यांनीच बसवलेला आणि दरवर्षी रंगवणारेही तेच. आवाज ऐकून ते हात पुसत आले. मी त्यांनाच विचारलं.

“खरवडायचं कसं बाईसाब?” ते म्हणाले. “नावं जातील की. मालक बोलले, नावं सोडून आजूबाजूला मार एक हात. मारला. पुढच्या साली परत मार. परत मारला.”

“खाली गंज दिसत होता ना?”

“दिसत होता की.”

“मग?”

“मग काय, मी नोकर माणूस.”

“दुकान तुमचं, यंत्र तुमचं, आणि नोकर कसले?” मी म्हटलं. “सांगितलं का कधी अण्णांना?”

“एकदा बोललो. ते बोलले, सत्तार, लोखंड हाय ते, मिठाई न्हाई.” आणि स्वतःच हसले. मी हसत नाही हे पाहून थांबले.

मला सगळ्यांचाच राग आला. अण्णांचा आला, कारण एवढ्या पोरी ज्याच्यावरून दिवसातून चार वेळा चढतात-उतरतात तो जिना यांनी जाहिरातीचा फलक करून टाकला. सत्तारभाईंचा आला, कारण त्यांना माहीत होतं. आणि वरून वाकून बघणाऱ्या पोरींचाही आला. त्यातली एक म्हणाली, “मावशी, त्या नावांना हात लावून आम्ही पेपरला जातो. खरवडू नका ना.” जीवशास्त्र शिकणारी मुलगी!

“अण्णा,” मी म्हटलं, “एवढे थर चढवलेत, त्यातला एकही लोखंडाला चिकटलेला नाही. सगळे गंजावर बसलेत. रंगानं काय करायचं असतं? पाणी बाहेर ठेवायचं. तुमच्या रंगानं ते आत कोंडून ठेवलंय.”

अण्णांचा चेहरा लाल झाला. “बाई, तुम्ही नांदेडला होता. आम्ही हितं होतो. दगड काय करतो ते आम्ही बघितलंय. म्हणून एक दगड लावला न्हाई मी वरती. समदं लोखंड. पोरी सुखानं झोपाव्यात म्हणून.”

हे खोटं नव्हतं, म्हणून जास्त संताप आला. हा माणूस लबाड असता तर दोन शब्दांत सुनावून मोकळी झाले असते. तो मनापासून सुरक्षित समजून पोरींना वर झोपवत होता.

“मग खरवडा आणि खांब बदला,” मी म्हटलं.

“दसऱ्याला बघू. खंडेनवमीला हत्यारांची, लोखंडाची पूजा असतीच. तवा मुहूर्तावर काढू. आता प्रवेश चालू हायेत. आईबाप येतात ते ही नावं बघून येतात. भर जूनमध्ये नावं पुसली तर लोक काय म्हणतील?”

“गंज दसऱ्यापर्यंत थांबणार आहे का? त्याला पंचांग कळतं?”

दत्तानं मला दंडाला धरून बाजूला घेतलं. “आक्का, गप. पाया पडतो. क्लास हितून दोन मिनिटांवर हाय. ही कॉट गेली तर दुसरीकडं जागा न्हाई. पोरीचं वर्स जाईल.”

“वर्ष गेलं तर परत येतं.”

“तुला पोरगी न्हाई म्हणून बोलायलीस.”

हे त्यानं बोलायला नको होतं. बोलला. मी त्याचा हात सोडवला आणि एवढंच म्हटलं, “राजश्री त्या जिन्यावर पाऊल ठेवणार नाही.”

राजश्रीनं पेटीची कडी धरली. म्हणाली, “आत्या, मला वर राहायचंय. सगळ्या राहतात.”

म्हणजे माझ्या बाजूला कुणीच नाही. पेटी तशीच जिन्याखाली पडून राहिली.

संध्याकाळी जेवणाला मी आत स्वयंपाकघरात गेले. अण्णांच्या बायकोला सगळ्या मुली काकू म्हणत. काकू धपाटे थापत होत्या, सोबत दही. बाहेरचं भांडण त्यांनी सगळं ऐकलं होतं. फळीवर एक मोठं पितळी पातेलं पालथं घातलेलं दिसलं.

“हे वापरात नाही?” मी विचारलं.

“कल्हई उडाली. कल्हईवाला येत न्हाई आताशा. ताक कळकतंय, म्हणून ठिवलं वर.”

“वरून घासून पुसून चकचकीत केलं तर?”

“बाहेरून चकचकीत करून काय करायचंय? ताक आत असतंय की.” एवढं बोलून त्या थापता थापता थांबल्या. त्यांनी बोळाच्या खिडकीकडं पाहिलं. मी दह्याची वाटी पुढं ओढली. समजलेल्या बाईला पुन्हा समजावू नये.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “पोरगी आज माझ्याजवळ झोपू दे. देवघराच्या खोलीत.”

वरच्या पोरी पुस्तकं सोडून खाली यायला तयार नव्हत्या. जिन्यावर एका वेळी एकीनंच पाय ठेवायचा आणि डाव्या बाजूला रेलायचं नाही, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. रात्रभर मला झोप लागली नाही, पण त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी

उठल्यावर आधी पेटी पाहिली. रात्रभर टाकीचं पाणी तिच्यावर ठिबकलं होतं. निळा रंग जिथं शाबूत होता तिथून पाणी ओघळून गेलं होतं. पण शिरूर ताजबंदच्या ओरखड्यावर तांबूस रेघ उमटली होती, कुणी कुंकवानं ओढावी तशी. मी राजश्रीला आणि दत्ताला बोलावलं.

“ही एका रात्रीची,” मी म्हटलं. “तीन हात दिलेल्या पेटीची. आता त्या खांबाचा हिशोब तुम्हीच करा.”

राजश्रीनं रेघेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडं पाहिलं. मग डाव्या खांबाकडं. दत्ता दाढी खाजवत उभा राहिला. पण या वेळी मला गप म्हणाला नाही.

सत्तारभाईंनी दुकान उघडलं तेव्हा मी दारातच होते. तारेचा ब्रश मागितला. “एवढ्या सकाळी बाईसाब?” म्हणत त्यांनी दिला.

क्लासची वेळ झाली. मी वरच्या पोरींना एकेक करून खाली उतरवलं. शेवटची उतरल्यावर दत्ताला म्हटलं, “एका बाजूनं धर.” त्यानं धरलं. आम्ही पेटी जिन्याच्या तोंडाशी आडवी ठेवली, मी तिच्यावर बसले, आणि पहिली पायरी घासायला घेतली. आता मला उचलून बाजूला केल्याशिवाय कुणी वर जाणार नव्हतं.

अण्णा बनियनवरच धावत आले. “बाई, ते नाव कुणाचं हाय ठावं हाय का? माझ्या पोरीचं! ह्या घरातली पहिली डॉक्टर ती. तिच्यापासून सुरुवात करायलाव?”

हे मला माहीत नव्हतं. माझा हात थांबला. बोळात पोरी उभ्या, सत्तारभाई उभे, क्लासला जायचं सोडून राजश्री उभी.

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. “घासा,” त्या म्हणाल्या.

“अगं, तिचं नाव हाय ते!”

“पोरगी डॉक्टर झाली. पायरी न्हाई झाली. नाव भिंतीवर लिवा, न्हाईतर कपाळावर लिवा. दुसऱ्यांच्या पोरी पडल्यावर कुठं लिवणार हाव?”

मी घासलं. पोपटी, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा पोपटी. थर पापडासारखे उचलून आले. मग तांबडा भुगा गळायला लागला, आणि नावाच्या दुसऱ्या अक्षरापाशी ब्रश पलीकडं गेला. पायरीला मुठीएवढं भोक पडलं. त्यातून मागचा चिखल आणि नारळाची करवंटी दिसत होती.

अण्णा खाली बसले. त्यांनी भोकात दोन बोटं घातली, कडा चिमटीत धरली. ती मोडून हातात आली. तुकडा त्यांनी मुठीत दाबला आणि त्याचाही भुगा झाला. मग मान न वळवता म्हणाले, “सत्तार, टेकू आण. दोन्ही बाजूंनी लाव. आणि वरच्या समद्या गाद्या आमच्या हॉलमध्ये आणायला सांग. माझी बी पोरींनाच दे.”

“आणि नावं, अण्णा?” एका पोरीनं विचारलं.

“जाऊ देत आता.”

मी पेटीवरून उठले नाही. दुसऱ्या पायरीवरचं नाव एकदा मोठ्यानं वाचलं, राजश्रीला म्हटलं “लक्षात ठेव, भिंतीवर लिहायचंय,” आणि घासायला लागले.